विलायतेंतील कोपऱ्यावरचें दुकान

इंग्लंडांतील एखाद्या मध्यम शहरांत हिवाळ्याच्या सायंकाळीं फिरावयास निघालेल्या माणसाला एक दृश्य हटकून दिसतें. मोठ्या पेठेंतील दुकानांचे दरवाजे लागलेले असतात, रस्त्यावर चिटपाखरूं नसतें, पावसाची बारीक झड चालू असते. आणि दोन गल्ल्या जेथें मिळतात तेथें एका लहानशा दुकानाच्या कांचेंतून उजेड बाहेर पडलेला असतो. आंत दूध, पाव, अंडीं, साबण, मेणबत्त्या, वर्तमानपत्रें आणि मुलांचा खाऊ असतो. तापाची साधी गोळी असते. आणि गल्ल्याच्या पाठीमागील फळ्यांवर व्हिस्की, जिन व रम यांच्या बाटल्या ओळीनें मांडलेल्या असतात. अशा दुकानाला तिकडे ‘ऑफ-लायसेन्स’ म्हणतात. नांवाचा अर्थ इतकाच कीं, येथें दारू विकत मिळते, पण ती दुकानांत बसून पितां येत नाहीं. बाहेर न्यावी लागते. बसून पिण्याची जागा निराळी. तिला ‘पब’ म्हणतात.

वाण्याचें दुकान आणि दारूचें दुकान यांची अशी सांगड आपल्याकडील माणसास चमत्कारिक वाटते. २०२२ च्या जानेवारींत महाराष्ट्र सरकारनें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हां केवढा वाद माजला हें श्रोत्यांच्या स्मरणांत असेलच. इंग्लंडांत मात्र ही सांगड दीडशें वर्षांहून जुनी आहे. १८६० सालीं ग्लॅडस्टन हे अर्थमंत्री असतांना जो कायदा झाला, त्यानें साध्या दुकानदारालाही वाइनच्या बाटल्या विकण्याचा परवाना मिळण्याची सोय झाली. तेव्हांपासून चहासाखर आणि मद्य हीं तेथें एका छपराखालीं नांदत आलीं आहेत.

आतां इतक्या दूरच्या दुकानाची उठाठेव आपण कां करावी, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर सोपें आहे. आज पुणें, मुंबई, नाशिक येथील पुष्कळ घरांतील मुलें तिकडे संसार मांडून राहिलीं आहेत. नोकरी सुटते, किंवा नोकरीचा वीट येतो, आणि ‘एखादें चालतें दुकान घ्यावें’ हा विचार मनांत डोकावतो. मग घरीं फोन येतो आणि वडिलांच्या ठेवी मोडण्याची भाषा निघते. अशा वेळीं त्या दुकानांत विकत घ्यावयाचें तें नेमकें काय, हें घरच्या वडील मंडळींना ठाऊक असणें बरें.

प्रथम या धंद्याचा थोडासा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. १९६४ पर्यंत ब्रिटनमध्यें पुष्कळशा मालाची किरकोळ विक्रीची किंमत कारखानदारच ठरवून देत असे. त्यामुळें तो जिन्नस मोठ्या दुकानांत घ्या कीं कोपऱ्यावर घ्या, भाव एकच पडे. त्या वर्षीं झालेल्या कायद्यानें ही पद्धत मोडीत निघाली. मोठीं दुकानें भाव पाडून विकूं लागलीं आणि लहान दुकानदाराच्या हातीं एकच भांडवल उरलें, तें म्हणजे वेळ. मोठें दुकान उघडण्यापूर्वीं आपलें उघडावयाचें आणि तें बंद झाल्यावर आपलें बंद करावयाचें, हाच त्याचा मार्ग. पुष्कळ इंग्रज दुकानदारांना हे कष्ट नकोसे झाले आणि त्यांनीं दुकानें विकावयास काढलीं.

नेमक्या याच सुमारास पूर्व आफ्रिकेंतील हिंदी लोकांवर संकट कोसळलें. केन्यांतून १९६७-६८ च्या सुमारास अनेक कुटुंबें ब्रिटनला गेलीं. १९७२ च्या ऑगस्टांत युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन यानें आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्यास सांगितलें, आणि त्यांपैकीं सुमारें २७ हजार माणसें ब्रिटनमध्यें उतरलीं. लेस्टर शहराच्या नगरपालिकेनें तर युगांडांतील वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन ‘आमच्या गांवीं येऊं नका’ असें कळविलें होतें; तरी हजारों लोक तेथेंच आले. ज्यांच्यापाशीं नोकरी नव्हती, पण व्यापाराची संवय व घरांत चार हात होते, अशांनीं तीं कोपऱ्यावरचीं दुकानें घेतलीं. हा इतिहास मुख्यतः गुजराती व पंजाबी कुटुंबांचा आहे. मराठी माणसें त्यांत थोडीं. त्या कुटुंबांच्या यशाच्या कथा आपल्याकडे फार ऐकूं येतात. त्या खऱ्याही आहेत. परंतु त्या यशाचा हिशेब मांडतांना एक रक्कम बहुधा गाळली जाते. ती कोणती, हें पुढें दिसून येईल.

पुढें काळ पालटला. १९९४ च्या रविवारच्या व्यापाराच्या कायद्यानें इंग्लंड व वेल्समधील २८० चौरस मीटरांहून मोठ्या दुकानांना रविवारीं फक्त सहा तास उघडें राहण्याची मुभा मिळाली, आणि लहान दुकानांना कसलेंच बंधन राहिलें नाहीं. ही लहानांना सवलतच होती. पण मोठ्या कंपन्यांनीं स्वतःचींच लहान दुकानें गल्लोगल्लीं काढून तिचा लाभ उठविला. २००९ सालीं थ्रेशर या मद्यविक्याच्या जुन्या मंडळीचें दिवाळें वाजलें आणि तिचीं हजाराहून अधिक दुकानें संकटांत आलीं. केवळ बाटल्या विकून भागत नाहीं, दूध-पावाची जोड हवी, हा धडा त्यांतून पुष्कळांनीं घेतला. २०१८ सालीं टेस्को या बलाढ्य कंपनीनें बुकर ही घाऊक व्यापाराची कंपनी विकत घेतली. लहान दुकानदार ज्याच्याकडून माल भरतो तो व्यापारी आणि ज्याच्याशीं तो झुंजतो तो प्रतिस्पर्धी हे अशा रीतीनें एकाच घरचे झाले.

अशा काळांत एखादें जोडपें दुकान घ्यावयास निघालें, तर त्यानें काय पाहावें? समजुतीसाठीं एक कुटुंब डोळ्यांपुढें आणूं. माणसें व रकमा कल्पनेच्या आहेत. कायदे मात्र खरे आहेत.

लेस्टर शहरांत पंधरा वर्षें राहिलेलें एक मराठी जोडपें आहे. पति एका गोदामांत देखरेखीच्या कामावर होता. गोदाम दुसऱ्या गांवीं हललें आणि त्याची नोकरी सुटली. पत्नी एका इस्पितळाच्या हिशेबखात्यांत आहे. पदरीं शाळेंत जाणारी एक मुलगी. घरापासून मैलभर अंतरावर एक ऑफ-लायसेन्स विकाऊ आहे. मालक ७३ वर्षांचा गृहस्थ. विशीच्या सुमारास कंपालाहून दोन पेट्या घेऊन आलेला. त्याची मागणी आहे ९० हजार पौंड. शिवाय माल मोजून त्याची किंमत निराळी. आठवड्याची विक्री १२ हजार पौंड आणि वर्षाचा नफा ५८ हजार, असें त्यानें सांगितलें. पतीचे डोळे चमकले. नोकरींत त्याला याच्या निम्म्यानेंही मिळत नव्हते. त्यानें नाशिकला वडिलांना फोन केला. वडिलांनीं सारें ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, “रात्रीं दुकान बंद करून तूं घरीं किती वाजतां येशील?” त्यावर त्याला चटकन् उत्तर देतां आलें नाहीं.

पत्नीनें वही घेतली. मालकानें सांगितलेल्या आंकड्यांत खोटें कांहीं नव्हतें. पण ते आंकडे उलगडून पाहणें जरूर होतें. आठवड्याच्या १२ हजारांत लॉटरीचीं तिकिटें व लोकांचीं वीज-ग्यासचीं बिलें यांचे २ हजार पौंड होते. हा पैसा दुकानाचा नव्हे. तो दुसऱ्यांचा, दुकानांतून वाहून जाणारा. त्यावर दलाली मिळते ती फार तर १०० पौंड. राहिले १० हजार. त्यांतील ७,२०० पौंडांच्या मालावर, म्हणजे दारू, सिगारेटी, मिठाई वगैरेंवर, शेंकडा २० प्रमाणें मूल्यवर्धित कर आंत धरलेला असतो. तो १,२०० पौंड सरकारचा. दूध, पाव, भाजी अशा बहुतेक खाद्यवस्तूंवर हा कर शून्य असतो. तेव्हां दुकानाची खरी विक्री ८,८०० पौंड. त्यावर सरासरीनें शेंकडा २२ ढोबळ नफा धरला तर १,९३६ पौंड होतात. दलालीचे १०० मिळवून २,०३६. वर्षाच्या ५२ आठवड्यांचे झाले १,०५,८७२ पौंड. यांतून भाडें, नगरपालिकेचा कर, रात्रंदिवस चालणाऱ्या शीतकपाटांची वीज, विमा, कार्डावरील विक्रीचा आकार, नासलेला माल, हिशेबनिसाची फी, असे सारे मिळून ४८ हजार वजा केले म्हणजे राहतात ५७,८७२. म्हातारा बोलला तो आंकडा बरोबर निघाला.

“मग झालें तर,” पति म्हणाला.

“अहो, थांबा,” पत्नी म्हणाली. “दुकान किती तास उघडें असतें?”

सकाळीं सातपासून रात्रीं दहापर्यंत. दिवसाचे १५ तास, आठवड्याचे १०५, वर्षाचे ५,४६०. मालकाकडे पगारी माणूस नव्हता. तो व त्याची पत्नी आळीपाळीनें उभीं राहत. एप्रिल २०२५ मध्यें २१ वर्षांवरील कामगारासाठीं तेथें ताशीं १२ पौंड २१ पेन्स हें किमान वेतन ठरलें. या दरानें फक्त एक माणूस सारा वेळ गल्ल्यावर उभा करावयाचा म्हटला, तर वर्षाचे ६६,६६६ पौंड द्यावे लागतात. म्हणजे नफ्यांतून घरच्या माणसांची मजुरी वजा केली, तर दुकान वर्षास ८,७९४ पौंड तोट्यांत चालतें. आणि यांत कर्जाचें व्याज अजून धरलेलेंच नाहीं.

हीच ती गाळलेली रक्कम. पन्नास वर्षांपूर्वींच्या यशाच्या कथांत आजीबाई रात्रीं साडेनऊपर्यंत स्टुलावर बसून आहेत, मुलें शाळेंतून येऊन दप्तरासह गल्ल्याखालीं अभ्यास करीत आहेत, हें चित्र असतें. त्या तासांची किंमत मात्र कोठेंच लिहिलेली नसते. “हा नफा नाहीं, हा आपल्या दोघांचा पगार आहे, आणि तोही कमी,” असें पत्नी म्हणाली. पतीचा चेहरा उतरला. पण त्यानें वही बाजूला सारली नाहीं.

हिशेबाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे हिशेबाचा पुरावा. रोखीच्या धंद्यांत मालकाच्या तोंडीं आंकड्यावर विसंबूं नये. तीन वर्षांचे ताळेबंद, कराचीं विवरणें आणि बँकेचीं पत्रकें मागावीं. त्याहून उपयुक्त म्हणजे घाऊक व्यापाऱ्याचीं बिलें. जेवढा माल दुकानांत आलाच नाहीं, तेवढा विकला गेला असें कोणासही म्हणतां येणार नाहीं. शिवाय गिऱ्हाईक स्वतः मोजावें. या गृहस्थानें तेंच केलें. दोन आठवडे तो निरनिराळ्या वेळीं समोरच्या रस्त्यावर गाडींत बसला. सोमवारची सकाळ, बुधवारची दुपार, शुक्रवारची रात्र. दुपारीं अकरा ते तीनपर्यंत तासाला पांचसात माणसें येत. रात्रीं नऊनंतरची वर्दळ शुक्रवार-शनिवारचीच. इतर दिवशीं मालक एकटाच खुर्चींत पेंगत असे.

माल मोजण्यासाठीं दोन्ही पक्षांना मान्य असा मोजणीदार खरेदीच्या दिवशीं बोलवावा, ही तिकडची रीत आहे. मुदत संपलेले डबे, कोणी न विचारणारीं मद्यें, हीं किमतींत धरूं नयेत. विशेषतः सिगारेटींची जागा जपून पाहावी. त्यांवर विक्री मोठी दिसते, नफा तुटपुंजा असतो, आणि कायदा दर कांहीं वर्षांनीं आवळत जातो. इंग्लंडांत लहान दुकानांनाही २०१५ पासून तंबाखूचा माल झांकून ठेवावा लागला. १ जून २०२५ पासून एकदां वापरून फेकावयाच्या विजेच्या सिगारेटी विकण्यास बंदी झाली. ज्या दुकानाची भिस्त अशा एकाच मालावर आहे, त्याची कालची विक्री उद्यांची साक्ष देत नाहीं.

यानंतर येतो भाडेपट्टा. दुकानाची इमारत बहुधा दुसऱ्याची असते. ९० हजार देऊन घेतलेली घडी पट्ट्याचीं किती वर्षें टिकणार, हा मूळ प्रश्न. १९५४ च्या कायद्याप्रमाणें धंदेवाईक भाडेकरूस पट्टा संपल्यावर नवा मागण्याचा हक्क आहे; पण उभयतांच्या संमतीनें तो हक्क करारांतून वगळतां येतो, आणि तसा वगळलेला असल्यास मुदतीअखेर दुकान हातचें जाऊं शकतें. कित्येक पट्ट्यांत छपरापासून गटारापर्यंत सर्व दुरुस्ती भाडेकरूच्या माथीं असते. जुनें छप्पर गळत असेल तर तें गळतें छप्परही आपण विकत घेत असतों. या दुकानाच्या पट्ट्याचीं सहा वर्षें उरलीं होतीं आणि दोन वर्षांनीं भाड्याचा फेरविचार होणार होता. वकिलानें तांबड्या शाईनें खूण केली ती तेथें.

आतां परवाना. इंग्लंड व वेल्समध्यें २००३ च्या कायद्याचा अंमल २००५ च्या नोव्हेंबरांत सुरू झाला, तेव्हांपासून मॅजिस्ट्रेटांऐवजीं स्थानिक नगरपालिका दारूचे परवाने देते. परवाने दोन. एक जागेचा आणि दुसरा माणसाचा. जागेच्या परवान्यावर कोणीतरी एक जबाबदार देखरेख्या नेमलेला असावा लागतो, आणि त्याच्यापाशीं माणसाचा परवाना असावा लागतो. तो मिळण्यास ठराविक परीक्षा उतरावी लागते, गुन्ह्यांच्या नोंदीचा दाखला लागतो, आणि २०१७ पासून त्या देशांत काम करण्याचा हक्कही दाखवावा लागतो. परदेशांतून गेलेल्यांनीं हें शेवटचें कलम नीट ध्यानांत ठेवावें.

जागेचा परवाना नव्या मालकाच्या नांवें होण्याची फी अवघी २३ पौंड ठरविलेली होती. म्हणून पुष्कळांना ती किरकोळ बाब वाटते. पण पोलीस त्यास हरकत घेऊं शकतात. दुसरें असें कीं, परवान्याच्या कागदामागें पुरवण्या जोडलेल्या असतात, आणि दुकानाचें खरें भविष्य त्यांत लिहिलेलें असतें. दारू किती वाजेपर्यंत विकावयाची, कॅमेरे कोठें व त्यांतील चित्रें किती दिवस जपावयाचीं, जोरकस बिअरचे सुटे डबे विकावयाचे कीं नाहींत, हें सर्व तेथें असतें. तिसरी गोष्ट तर फारच थोड्यांना ठाऊक असते. परवानाधारक वारला, दिवाळखोर ठरला, किंवा परवाना ज्या कंपनीच्या नांवें आहे ती कंपनी विसर्जित झाली, तर परवाना आपोआप संपतो. २८ दिवसांच्या आंत ठराविक कारवाई केली तरच तो वांचवितां येतो. परवाना आज कोणाच्या नांवें जिवंत आहे, हें नगरपालिकेच्या दप्तरांत पाहिल्याशिवाय इसारा म्हणून एक पेनीही देऊं नये.

माल कोठून येतो हेंही कायद्यानें बांधलेलें आहे. १ एप्रिल २०१७ पासून मंजूर नोंदणी असलेल्या घाऊक व्यापाऱ्याकडूनच विक्रीसाठीं मद्य घेतां येतें. रात्रीं मागच्या दारानें येणारी स्वस्त व्हिस्कीची पेटी म्हणजे परवान्याचा फांस समजावा. स्कॉटलंडांत कायदा आणखी वेगळा. तेथें १ मे २०१८ पासून मद्याच्या दर मात्रेस निदान ५० पेन्स भाव लावण्याचा नियम झाला, आणि ३० सप्टेंबर २०२४ पासून तो ६५ पेन्स करण्यांत आला. वेल्समध्यें असाच ५० पेन्सांचा नियम २ मार्च २०२० रोजीं लागू झाला. लेस्टरचा हिशेब ग्लासगोस लागू पडत नाहीं.

पण परवान्याचा खरा कस लागतो तो गल्ल्यावर. १८ वर्षांखालील मुलास दारू विकणें हा गुन्हा आहे. जो आधींच झिंगलेला आहे त्यास विकणें हाही गुन्हा आहे. तीन महिन्यांत दोनदां अल्पवयी मुलास विकलें गेलें, तर परवान्यावरच गदा येते. म्हणून दिसण्यांत पंचविशीच्या आंतला वाटेल त्या प्रत्येकाकडे वयाचा दाखला मागावा, अशी रीत तेथें रूढ झाली आहे. आणि ज्यांना नाहीं म्हटलें त्यांची नोंद एका वहींत ठेवतात.

हें जोडपें एका सायंकाळीं दुकानांत मालकाशीं बोलत उभें असतां एक पन्नाशीचा मनुष्य आंत आला. पाऊल सरळ पडत नव्हतें. त्यानें नेहमींच्या बाटलीकडे बोट दाखविलें. म्हाताऱ्यानें मान हलविली आणि हळूच सांगितलें, “आज नाहीं. उद्यां सकाळीं ये, पाव घेऊन जा.” तो मनुष्य शिव्या देऊं लागला; फळीवरचा एक डबा खालीं पडला. म्हातारा जागचा हलला नाहीं. तो गेल्यावर त्यानें डबा उचलला, चष्मा लावला आणि वहींत वेळ लिहिली. पत्नीनें ती वही मागून घेतली. आठवड्याला तीन-चार नोंदी, सात वर्षांच्या, एकाच हातच्या. ताळेबंदांत ज्या गोष्टीची किंमत नव्हती, ती तिला त्या वहींत दिसली. पोलिसांचे या दुकानाशीं कां बिनसलें नाहीं, शेजारच्या बायका रात्रीं एकट्या येथें कां येतात, याचें उत्तर तेथें होतें. त्याच क्षणीं तिला दुसरीही गोष्ट उमगली. उद्यां त्या गल्ल्यामागें आपण असूं, रात्रीं एकटीं, आणि असाच नकार आपल्याला द्यावा लागेल.

“काका,” पतीनें विचारलें, “तुमचीं मुलें हें दुकान कां चालवीत नाहींत?”

म्हातारा हंसला. “एक औषधांचा धंदा करतो, दुसरा हिशेब तपासतो. दोघांनाही याच गल्ल्यावर शिकविलें. त्यांनीं येथें उभें राहूं नये म्हणूनच मी उभा राहिलों.” थोडा वेळ थांबून तो म्हणाला, “माझी मुलगी चौथींत असतांना तिच्या शाळेच्या नाटकाला मी गेलों नाहीं. शुक्रवार होता. ती अजून बोलून दाखविते.”

घरीं परतल्यावर जोडप्यानें हिशेब नव्यानें मांडला. दुकान सोमवार ते शनिवार सकाळीं आठ ते रात्रीं नऊ, आणि रविवारीं नऊ ते दोन, एवढेंच उघडावयाचें. आठवड्याचे तास झाले ८३. पत्नीनें इस्पितळांतील नोकरी सोडली तर दोघांच्या वाट्याला साडेएकेचाळीस तास. ओस पडणारे तास वगळल्यामुळें नफा वर्षाला तीन हजारांनीं घटेल असें गाडींत बसून केलेल्या मोजणीवरून धरलें, राहिले ५४,८७२. वर्षाचे ४,३१६ तास किमान वेतनाच्या दरानें होतात ५२,६९८ पौंड. शिल्लक सुमारें २,१७४. म्हणजे हें दुकान दोन माणसांना सरळ पगाराची नोकरी देतें. त्यापलीकडे नफा म्हणून कांहीं देत नाहीं. नोकरी विकत घेण्यास ९० हजार पौंड देणें वेडेपणाचें. पण अजिबात कांहीं देऊं नये असेंही नाहीं. स्थिर गिऱ्हाईक, स्वच्छ परवाना आणि आपला धनी आपण असण्याचें समाधान यांना कांहीं मोल आहेच.

त्यांनीं ४० हजारांचा आंकडा कळविला. अटी तीन घातल्या. जमीनमालकानें पट्टा दहा वर्षांनीं वाढवून द्यावा; परवान्याचें हस्तांतर पुरें होईपर्यंत पैसे वकिलापाशीं राहावेत; आणि म्हाताऱ्यानें एक महिना त्यांच्याबरोबर दुकानांत उभें राहावें. तिसऱ्या अटीवर पत्नीचाच भर होता. वडिलांच्या ठेवीला हात लावावयाचा नाहीं, हेंही त्याच रात्रीं ठरलें. लागेल तेवढें कर्ज दुकानाच्या हिशेबावर मिळालें तर घ्यावें, न मिळाल्यास बँकेला जें दिसलें तें आपल्याला दिसलें नाहीं असें समजावें.

म्हाताऱ्याचा निरोप तीन दिवसांनीं आला. ४० हजार त्याला कमी वाटले. ५० वर तो आला. पट्ट्याचें जमीनमालकाशीं तो स्वतः बोलणार होता. महिनाभर उभें राहण्याची अट मात्र त्यानें घासाघीस न करतां मान्य केली, आणि वर कळविलें कीं, पहिल्या शुक्रवारीं रात्रीं तो मुद्दाम हजर राहील. कारण नाहीं म्हणावयाचें तें शुक्रवारींच शिकावें लागतें. पन्नास हजारांवर जोडपें अजून विचार करीत आहे. दहा हजारांचा हा फरक म्हणजे दोघांपैकीं एकाचे आठशें एकोणीस तास होतात, हें पत्नीनें वहींत लिहून ठेवलें आहे.

परदेशांतील मुलानें अथवा मुलीनें असें दुकान घेण्याचा बेत कळविला, तर येथील वडील माणसांनीं घाबरूं नये, आणि हुरळूनही जाऊं नये. घाऊक व्यापाऱ्याचीं बिलें पाहिलींस काय, पट्ट्याचीं किती वर्षें उरलीं, परवाना आज कोणाच्या नांवें आहे, हे प्रश्न फोनवरून विचारतां येतात. आणि त्यांच्याही आधीं नाशिकच्या त्या गृहस्थांनीं विचारला तो प्रश्न विचारावा. रात्रीं दुकान बंद करून घरीं किती वाजतां येशील, याचें उत्तर ज्याला देतां येतें, त्याला दुकानाची किंमतही ठरवितां येते.